शेजारची प्लेट

औषध सापडलं म्हणून मी एकदा अख्ख्या प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. ते औषध नव्हतं. काय होतं ते सांगतेच, पण आधी त्या पेढे वाटणारीला बघून घ्या. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, केसांत अबोलीचा गजरा, आणि चालण्यात असा तोरा की मलेरियाने आता हिला विचारूनच पनवेलात शिरावं.

आमचं काम नवे रेणू घडवायचं. एखादा जुना रेणू घ्यायचा, त्याचा एखादा कोपरा बदलायचा आणि मलेरियाचे जंतू वाढवलेल्या रक्ताच्या प्लेटमध्ये घालून बघायचं, मरतात का. बहुतेकदा मरत नाहीत. नव्या रेणूची पूड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती आधी द्रावकात विरघळवायची. शेजारी दुसरी प्लेट ठेवायची. तिच्यात औषध नाही, नुसतं तेवढंच द्रावक; म्हणजे जंतू औषधाने मेले की द्रावकानेच, ते कळतं. माझी पूड हट्टी निघाली. मी द्रावक वाढवलं, आणखी वाढवलं. शेजारच्या प्लेटमध्ये मात्र सवयीने थेंबभरच घातलं. माझ्या प्लेटमधले सगळे मेले, शेजारचे मजेत. झालं, पेढे!

त्याच संध्याकाळी बाजारात गेले. नेऱ्याकडच्या डोंगरातल्या वाडीवरची एक बाई कोपऱ्यावर शेवळांची रानभाजी घेऊन बसायची. तिचा नवरा वीटभट्टीवर राबायचा, आणि मलेरियाने पार खंगला होता. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या पोटात टिकत नाहीत, अशी त्याची कुरकुर. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि तिच्या हातावर पेढा ठेवला.

"त्या गोळ्यांचे दिवस गेले आता. नवं औषध निघालंय."

"कोनी काढलं?"

"मी!"

ती पेढा पदरात बांधत म्हणाली, "त्यालाच देते."

पुढच्या आठवड्यात आमच्या मॅडमनी मला टेबलापाशी उभं केलं. "तुम्ही ओतलंत तेवढंच द्रावक घाला. औषध नको." घातलं. सगळे जंतू मेले.

"वा! औषधाशिवायच मेले. मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता तो पदरात बांधलेला पेढा आठवला.

बाजारात तिची जागा रिकामी होती. शेजारी बसणारी म्हातारी म्हणाली, "तिचा घरवाला दवाखान्यात हाय. गोळ्या टाकून दिल्या ना त्यानं. नवं औषद येनार हाय, बोलला."

तशीच दवाखान्यात गेले. तो चादरीखाली असा कापत होता की लोखंडी खाट वाजत होती. डोळे पिवळे. ती त्याचे पाय चेपत बसली होती. तो वाचला, हे आत्ताच सांगून टाकते; नाहीतर हे लिहायला माझा हात धजावला नसता. पण त्या वेळी तो वाचेल की नाही, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "नवं औषध नाहीये. माझं चुकलं." आणि मग, आहे का अक्कल, मी तिला द्रावक समजावून सांगायला लागले! मरणाच्या खाटेजवळ, हातवारे करून. मध्येच माझं मलाच ऐकू आलं आणि मी हात खाली घेतले.

माझा एकही रेणू पुढे गोळी झाला नाही. एक उंदरांपर्यंत पोचला, तिथं थकला. आता नात रोडपालीच्या फ्लॅटमध्ये बसून डेंग्यूसाठी कॉम्प्युटरवर रेणू काढते. परवा ओरडली, "आजी, जमला!"

"शेजारची प्लेट कुठाय?"

"अगं, हे स्क्रीनवर आहे!"

"मग तर हवीच."

ती मला खडूस म्हणते. म्हणू दे. मला तो दवाखाना दिसत असतो. तिथून निघताना मी एवढंच म्हणाले होते, "मी पुन्हा करून बघणार आहे." शेवळंवालीने नवऱ्याचे पाय चेपणं थांबवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कर ना. ताप परत येतो, तू पन परत कर. पन बाय, आदी कर, मंग सांग."