चिंध्यांची हजेरी

मी आयुष्यात एकच मानपत्र लिहिलं, आणि तेही सागवानी फळीवर. लढाई चालू होती. गोंदियाच्या बाजारात चौकटीची काच मिळेना, बरा जाड कागदही मिळेना. दुकानदार मला म्हणाला, "मास्टरजी, लड़ाई खत्म होने दो, फिर सत्कार कर लेना." पण आमच्या मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदार मालकाला, लढाई संपेपर्यंत दम नव्हता. शेवटी गावच्या सुताराने दोन हात लांबीची एक फळी रंधून दिली आणि मी काळ्या रंगाने तिच्यावर वळणदार अक्षरात लिहायला बसलो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, तिरोड्यापासून दीड कोसावरच्या एका गावात शाळामास्तर. आपण लेखक आहोत अशी माझी समजूत होती. गावात ते मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

सत्कार दोन म्हाताऱ्यांचा होता. आमच्याकडे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की घरात बाई म्हणून राहत नाही. पहाटेपासून सगळ्या भाताच्या बांधीत, गुडघाभर चिखलात. मोठी पोरं कुठंही हुंदडतात, पण वर्षा-दोन वर्षांच्या पोरांचं काय करायचं? त्यांना या दोघी सांभाळत. त्या दिवसांत गावात कोरडी जागा एकच असायची, ती म्हणजे बोडीची पार. तिथं, तळ्याच्या त्या बांधावर, चार खांबांची एक छपरी होती. पोरं तिथं दिवसभर असत, आणि पाणी तिथून वीस पावलांवर.

थोरलीला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. कमरेत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. दुसरी तिची विहीण. मोठीमायच्या मुलाच्या लग्नात मानाचं लुगडं कुणाला आधी मिळालं यावरून दोघींत अबोला होता आणि त्या अबोल्याला नऊ वर्षं झाली होती. एकीला दुसरीला काही सांगायचं असलं की ती मधल्या एखाद्या पोराला सांगायची. "बापू, तुह्या त्या आजीले म्हनावं, पेज करपून राहिली." दीड वर्षांचा बापू तोंडात मूठ घालून ऐकून घ्यायचा. पेज वेळेवर उतरायची. निरोप्या इतका विश्वासू मी पुन्हा पाहिला नाही.

या दोघींची पोरं सांभाळायची रीत अशी, की प्रत्येक आईने आपल्या नेसत्या जुन्या लुगड्याची एक लांब चिंधी फाडून द्यायची. चिंधीचं एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं खांबाला. चिंधीला आईचा वास असतो, त्यामुळे पोर रडत नाही, आणि चिंधी छपरीपुरतीच असते, त्यामुळे पोर पाण्यापर्यंत पोचत नाही. मोठीमायला आकडे येत नव्हते, पण लाल काठाची चिंधी कुणाची आणि हिरव्या चौकड्याची कुणाची, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. संध्याकाळी पोर आईकडे आणि चिंधी खुंटीवर. तिचा नियम एकच होता. चिंधी नाही तर पोर नाही.

आदल्या पावसाळ्यात एक चिंधी कुजून तुटली होती. पोरगा बोडीत गेला. मोठीमाय तशी वाकलेली पळत गेली आणि पाय धरून त्याला बाहेर काढलं. पोरगा जगला, पुढे माझ्याच वर्गात आला आणि बेरजेत कायम चुकत राहिला. पण त्या दिवसापासून मोठीमायच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, पाण्याकडच्या बाजूने कुंपण पाहिजे. बांबू मालकाच्या रानातले, बोडी मालकाची. ती तीनदा त्याच्या दारात गेली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं. "कुंपण घातलं तर माझी म्हसरं पाणी कुठं पितील? पुढच्या साली पाहू."

मालकाला स्वतःला मात्र एक गोष्ट याच साली पाहिजे होती. त्याला सरकारी किताब मिळवून रावसाहेब व्हायचं होतं. तहसीलदार साहेब गावाला भेट देणार असं कळल्यावर त्याने मला बोलावून विचारलं, "मास्तर, आपल्या गावात लोकोपयोगी असं काय आहे?"

मी विचार केला. शाळा गळत होती. विहिरीत बेडूक होते. म्हटलं, "लेकरांची छपरी आहे."

"ती आपली आहे का?"

"तुमच्या पारेवर आहे."

"मग आपलीच," मालक म्हणाला. "त्या बायांचा सत्कार करून टाकू. त्यांना शिक्षिका म्हणा. शाल, लुगडं, मानपत्र. तुम्ही लिहा, जरा जड लिहा."

मी मोठीमायला ही बातमी द्यायला गेलो तेव्हा ती एका पोराचं नाक पुसत होती.

"सत्कार कायले?" ती म्हणाली. "म्या का केलं?"

"पोरं सांभाळता म्हणून."

"मंग पोरं पडू नाई याचं पाहा म्हना. शाल का पान्यावर पसरू?" मग तिने विचारलं, "गुरुजी, ते जे फळीवर लिवून राहिले तुमी, ते साहेब वाचन का?"

"मीच वाचून दाखवणार. साहेबांसमोर."

"मंग त्यात कुंपनाचं लिवा. तेवढं लिवा, बाकी तुमाले जे लिवाचं ते लिवा."

मी शब्द दिला आणि लिहिलंही. अकरा ओळींचं एक प्रचंड वाक्य, ज्यात ममता, निष्ठा आणि त्याग यांची एकमेकांवर चढाओढ होती, आणि शेवटी छोटंसं, "बोडीस कुंपण व्हावे अशी या मातांची विनंती आहे." मालकाने ते वाचलं, सुताराला हाक मारली आणि तेवढीच ओळ रंध्याने उडवायला लावली. त्या जागी मी "मालकांच्या कृपाछत्राखाली" असं लिहिलं. माझी बदली मालकाच्या हातात नव्हती, पगारही नव्हता. तरी मी भ्यालो. मोठीमायला यातलं काही सांगितलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

सत्काराच्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती, पण रोवणी चालूच होती आणि पोरांच्या आया बांधीत होत्या. पारेवर मांडव, टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारी चादर, दोन खुर्च्या, पेढ्यांचं ताट. साहेबांच्या जेवणासाठी बोदलकशाच्या तलावातून मासे आणले होते. ऐनवेळी मालक तपासणीला आला, त्याने खांबांना बांधलेली पोरं पाहिली आणि तो उडालाच.

"अरे, हे काय? वासरं बांधली का काय? साहेब काय म्हणतील? सोडा सगळी!"

"सोडू नोका मालक," मोठीमाय म्हणाली. "पानी भरून आहे."

"एवढी माणसं आहेत ना इथं! कोणी पोर पाण्यात जाऊ देईल का?"

मालकाच्या गड्यांनी गाठी सोडल्या. मोठीमायने एकेक चिंधी उचलून ओच्यात घेतली. एकोणीस होत्या, मी मोजल्या.

त्यात मालकाच्या घरून एक विसावं पोर आलं, त्याची तीन वर्षांची नात. झालरीचा झगा, कमरेला चांदीची साखळी. साहेबांना सांगायचं होतं, की माझी नातसुद्धा इथंच असते. ती त्याआधी एकदाही आली नव्हती. मोठीमायने तिला घेऊन आलेल्या मोलकरणीपुढे हात केला.

"हिची चिंधी?"

"आमच्या घरी लुगडे फाडत नाईत," मोलकरीण म्हणाली आणि पोरीला ठेवून गेली.

साहेब आले. दोघी विहिणींना शेजारी शेजारी पाटावर बसवलं, तर त्यांनी एकमेकींकडे पाठ केली. मालकीणबाईंनी ओवाळायला तबक घेतलं. एकदा पाटावर बसलं की ओवाळणं, मानपत्र, नारळ सगळं होईपर्यंत उठायचं नाही, उठलं की अपशकुन. त्यामुळे गावातल्या ज्या दोन माणसांना पोरं सांभाळता येत होती, त्याच दोघी आता जागच्या हलू शकत नव्हत्या. बाकी आम्ही पन्नास जण मोकळे होतो आणि आमच्यापैकी कुणालाही त्यातलं काही येत नव्हतं.

मी फळी छातीशी धरून वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला एका पोराने साहेबांच्या बुटावर ठाण मांडलं. चौथ्या ओळीला झेंडूचा हार खाल्ला जाऊ लागला. पोलीसपाटील, दोन महाजन आणि कारकून हात मागे बांधून उभे होते, कारण साहेबांसमोर पोर उचलणं कुणालाच शोभेना. मालक दात दाखवत हसत होता. मी ममतेपाशी पोचलो तेव्हा तीन पोरं पारेच्या उतारावर रांगत होती.

तेवढ्यात पाटावरून मोठीमायने एक चिंधी उंच धरून हलवली आणि हाक मारली, "लाल काठवाला कोन वो?"

उतारावरचं एक पोर थांबलं, वळलं आणि रांगत येऊन चिंधीला लोंबकळलं. मग दुसरी चिंधी, मग तिसरी. मी वाचत होतो, ती बोलावत होती. पोरं येत, आपापल्या आईचा वास ओळखून चिंधी गालाला लावत आणि मुकाट बसत. माझं वाक्य संपलं तेव्हा एकोणीस चिंध्यांना एकोणीस पोरं लागली होती आणि ओचा रिकामा झाला होता.

"वा! याला म्हणतात हजेरी!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मालकाने सर्वांत जास्त वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्याचे हात थांबले.

"आमची कुठं आहे?"

मोठीमायने ओच्यात पाहिलं. "तिची चिंधी नाई, मालक. ज्याची चिंधी नाई ते माह्या मोजनीत नाई."

मालक जरीचा फेटा, कोट, जोडे यांसकट सरळ बोडीत शिरला. छातीइतक्या पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी गाळ चाळायला लागला. साहेब बुटांसकट गुडघाभर आत गेले. कोतवालाने बुडी मारली आणि एक मडकं वर काढलं. मीही धावलो, आणि लाकूड तरंगतं एवढं एकच शास्त्र मला त्या घटकेला आठवल्यामुळे मानपत्र घेऊनच पाण्यात उतरलो. अर्धं गाव पाण्यात होतं, कुणाला खोली माहीत नव्हती, एकजण दुसऱ्यालाच पोर समजून ओढत होता. कधी सांगितलं तर लोक हसतात. पण मालक नातीला घरच्या लाडक्या नावाने हाका मारत होता, आणि त्याचा आवाज फाटून रडका झाला होता. मला तेव्हा हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

मोठीमाय अपशकुनाला न जुमानता उठली. तिने आधी आपली एकोणीस पोरं खांबांना बांधली, प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि मगच ती काठाकडे वळली.

इतक्यात मागून हाक आली, "विहीनबाई! इकडे या, टेबलाखाली!"

नऊ वर्षांनी विहीण थेट बोलली होती. तिने चादर वर केली. पेढ्यांचं ताट मांडीवर घेऊन मालकाची नात तिथं गाढ झोपली होती. तिचे दोन्ही गाल फुगलेले होते.

मोठीमायने सत्काराच्या नव्या कोऱ्या लुगड्याचा काठ दातात धरून टर्रकन फाडला, पोरीच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक खांबाला. मग काठावर येऊन म्हणाली, "मालक, आता हे माह्या मोजनीत आली. तुमी भाईर या."

मालक बाहेर आला, नातीशेजारी चिखलात बसला आणि बराच वेळ त्याने ती चिंधी हातातून सोडली नाही. साहेब ओले बूट हातात घेऊन तिरोड्याची गाडी गाठायला निघून गेले. रावसाहेबकीचं पुढे कधी कुणी नाव काढलं नाही.

त्याच दुपारी बांबूच्या दोन गाड्या आल्या. वर्षभर म्हसरांसाठी अडलेलं कुंपण दिवस मावळायच्या आत उभं राहिलं. म्हसरांना पलीकडच्या अंगाने वाट ठेवली. ती वाट पहिल्यापासूनच तिथं होती.

शेवटच्या टोकाला मात्र बांबू संपले आणि दोन हातांची फट राहिली. मोठीमाय तिथं उभी राहून इकडेतिकडे पाहू लागली. फळी माझ्या हातातच होती.

"गुरुजी, ते वाचा बरं एकडाव," ती म्हणाली. "मघा माहं ध्यान पोरायकडे होतं."

मी सगळं वाचलं, अकराच्या अकरा ओळी. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"यात कुंपन कोठी आहे?"

"नाही," मी म्हणालो. "लिहिलं होतं. मालकाने खरवडायला लावलं."

"अन् तुमी?"

तिने माझ्या हातातून फळी घेतली, फटीत आडवी बसवली आणि उरलेल्या काठाच्या चिंधीने दोन्ही बाजूंनी बांबूला आवळून बांधली. हलवून पाहिली. फळी हलली नाही.

"घ्या गुरुजी," ती म्हणाली. "आता आलं तुमच्या लिवन्यात कुंपन."