आईच्या नावावर खाल्लेले लाडू

बारा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. दर रविवारी कर्जतमध्ये शाळेच्या एका वर्गात आम्ही दहा-बारा जण बसतो, खाण्याच्या व्यसनातून सुटू पाहणारे — त्यांनाही नाही. तिथे मी पुष्कळ कबूल केलं. श्रीखंडाचा डबा बोटाने चाटून काढल्याचं. एका विद्यार्थ्याच्या लग्नात लागोपाठ दोन पंगतींना बसल्याचं. लोक हसले, मीही हसलो. बोलायला मला चांगलं येतं. तीस वर्षं मराठी शिकवलं आहे. ज्यावर हसता येईल तेवढंच मी कबूल करत होतो, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुद्द्यावर येतो. जरा वेळ लागेल — वेळ लावणं हाच तर यातला अर्धा गुन्हा आहे.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे दहिवलीला राहायला आली. मी अविवाहित. घरात माणसं दोनच. धाकटी बहीण विमल खालापूरकडे दिलेली. ती दर शनिवारी यायची. पिशवीत आईची साखर तपासायचं मशीन आणि माझ्यासाठी लाडूंचा डबा. आईला मधुमेह, त्यामुळे तिला लाडू बंद. मला बंद नव्हते. मला फक्त थांबता येत नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत डबा रिकामा. भूक? भुकेचा काय संबंध? उभ्याने, पुस्तक हातात धरून, चव कळायच्या आत.

विमलने विचारलं की मी सांगायचो, शाळेत वाटले. मग मे महिना आला. शाळा बंद.

"आता कुणाला वाटलेस रं, दादा?" रिकामा डबा हातात धरून तिने विचारलं. हसतच विचारलं होतं. मी खाल्ले म्हणालो असतो तर काय झालं असतं? चार टोमणे. पण मी तेवढंही सोसू शकलो नाही. आईच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणालो, "तिला विचार."

खोटंसुद्धा पुरतं बोललो नाही. दोन शब्द — बाकीचं विमलने केलं.

"पाय कापून घ्यायचाय का गं तुला?" ती आत जाऊन ओरडली. आई पलंगावर बसली होती. तिने विमलकडे पाहिलं नाही. दारात मी उभा होतो, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खाल्लं गं. ऱ्हावलं नाय."

ते वाक्य माझं होतं. ते तिने माझ्यासाठी म्हटलं.

त्या दिवसापासून कपाटाला कुलूप लागलं. किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. घरातला जबाबदार माणूस मीच ना. किल्ली मी कुठेतरी विसरतो आणि आई ती घेते, अशी विमलची समजूत; ती मी मोडली नाही. लाडू येत राहिले, संपत राहिले, आणि दर शनिवारी आई बोलणी खात राहिली. गंमत अशी की — गंमत म्हणजे काय, दुसरा शब्द सुचत नाही — मशीनवर आईची साखर बहुतेकदा ठीक यायची. विमलने मशीन बिघडलं म्हणून नवीन आणलं. त्यावरही ठीक आली, तर म्हणाली, हल्ली कंपन्या कायपण विकतात. यंत्र खोटं, आई खोटी. खरा मी एकटा.

आई आणि मी याबद्दल एकदाही बोललो नाही. ती मला आधीसारखंच जेवायला वाढत होती, आणखी भात हवा का विचारत होती. बोलू, म्हणायचो. दिवाळी झाल्यावर बोलू. तिचा खोकला बरा झाल्यावर बोलू. ती गेली तेव्हा मी दहावीचे पेपर संपल्यावर बोलायचं ठरवलं होतं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा झाडावर, पण शिवेना. आम्ही अर्धा तास उन्हात उभे. नातेवाईक एकेक वचन देत होते — घर नीट ठेवू, भांडणार नाही. मग विमल रडत पुढे झाली, पिंडाजवळ एक लाडू ठेवला आणि म्हणाली, "आता तुला कुणी अडवायचं नाय, आई. खा गं." कावळा लगेच उतरला. सगळ्यांनी हात जोडले. आईचा जीव लाडवातच अडकला होता, हे सर्वमान्य झालं.

कावळ्याला लाडू आवडतो, त्याला परलोकाचं कारण लागत नाही, हे मला कळतं. आयुष्यभर मी असल्या विधींची टिंगल करत आलो. त्या दिवशी मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि मला हायसं वाटलं. माझं खोटं आता कावळ्यानेही खरं ठरवलं होतं.

आई गेल्यावर लाडू मी विकत आणू लागलो. पुढे गुडघे गेले, डॉक्टर रागे भरले, मी गटात आलो. साखर सुटली. वजन बावीस किलो उतरलं. पण गटात एक काम असतं — ज्यांचं आपण वाईट केलं त्यांची यादी करायची आणि त्यांना जाऊन सांगायचं. माझ्या यादीत पहिलं नाव विमलचं. आईला तर आता सांगता येत नव्हतं. भाताची लावणी होऊ दे, म्हटलं. गणपती होऊ दे. तिच्या मुलाचं लग्न होऊ दे. आमच्या गटातले शेखभाई, स्वतःची बेकरी असून साखर सोडलेला माणूस, एकदा म्हणाले, "सर, गोड सोडलंत. ‘बघू’ कधी सोडणार?" मी म्हणालो, बघू.

गेल्या महिन्यात भिसेगावातल्या एका मंडळाने वजन उतरवल्याबद्दल माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, ‘संयमाचा महामेरू’ असं छापलेलं मानपत्र आणि — मिठाईवाचून आपल्याकडे गौरव होत नाही — अर्धा किलो पेढे. सूत्रसंचालकाने विमलला चार शब्द बोलायला लावलं. ती माईकजवळ उभी राहून म्हणाली, "आमच्या आईला जमलं नाय, ते दादानं करून दाखवलं."

टाळ्या पडल्या. मी शाल सावरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालापूरला गेलो. विमल ओट्यावर वाल निवडत होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा झाल्यावर बोलू, असं म्हणालो असतो. उभ्यानेच सांगितलं. सगळं. किल्लीसकट.

तिचा हात सुपात थांबला.

"तिला म्हाईत होतं? तूच खातोस ते?"

"हो."

"मी तिच्या तोंडाचा वास घ्यायचे रं, दादा," ती म्हणाली. "लहान पोराचा घेतात तसा. जबडा धरून."

हे मला माहीत नव्हतं.

घरात नातीच्या तोंडी ‘लाडूचोर पणजी’ ही गोष्ट असते. ती विमलच हसत हसत सांगत आली होती. शेवटी तिने सूप बाजूला ठेवलं. "सगळी घरी येतील तशी एकेकाला सांग. तू सांग. मी नाय सांगायची."

मी ओट्यावर बसून राहिलो. दुपारी नात शाळेतून आली, मग सून, मग विमलचा नवरा, दिवस कलताना मुलगा. दर वेळी विमल दारात येऊन उभी राहिली. दर वेळी मी पहिल्यापासून सांगितलं. चौथ्यांदाही ते वाक्य सोपं झालं नव्हतं — लाडू मी खाल्ले, आणि नाव आईचं घेतलं.