आडवं झाल्यावरच दिसणारा रेडिओ

आता ही फजिती सांगायची तर आधीच बजावतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीची की नंतरची, हेसुद्धा मला छातीठोक सांगता येत नाही. बहुधा नंतरचीच. कारण ऊन लागू नये म्हणून मुलीनं भारीतला गॉगल आणून दिला होता, आणि मुलानं अट घातली होती: डोळ्यांनी जरा दगा दिला, की गाडीची किल्ली आईच्या हातात.

संताप मात्र जसाच्या तसा आठवतो.

शिरूरहून बहिणीकडे दौंडला निघालो होतो. गाडीतला रेडिओ लावला. गाणं सुरू, पण आकड्यांची पट्टी काळी ठिक्कर. रेडिओ नवा कोरा, दौंडच्याच दुकानात बसवून घेतलेला. माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं? बायकोला विचारायची सोय नव्हती, ती मागच्या सीटवर. पुढे बसली की उसाची ट्रॉली दिसताच माझ्याआधी तिचा पाय ब्रेक शोधतो.

घरी आल्यावर रेडिओ उपसला, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, वाचायचा चष्मा चढवला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडला. आकडे लख्ख! अंगणात रणरणत्या उन्हात जाऊन परत गाडीत बसवला. काळा. पुन्हा ओट्यावर आणला. लख्ख. म्हणजे हा रेडिओ माझ्याशी खेळत होता? जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाशी?

तिसऱ्या खेपेला बायको म्हणाली, "भाजी कधी टाकायची, तेही त्याच्यावर दिसतंय का बघा."

पुन्हा बसवताना स्क्रू ड्रायव्हर सीटखाली पडला. तो काढायला आडवा झालो आणि काय सांगू, आकडे उजळले! उठून बसलो, गेले. पुन्हा आडवा झालो, आले. सापडलं. सीटखाली वायर सैल आहे, माझं वजन सरकलं की जोडली जाते. मी तिथे पुठ्ठ्याच्या घड्या कोंबल्या. काही उपयोग झाला नाही.

मग मात्र बायकोला मागे बसवून मी थेट दौंडचं दुकान गाठलं. गाडीतूनच दुकानदाराला हाक मारली आणि भर रस्त्यात दोनदा आडवा होऊन प्रात्यक्षिक दाखवलं.

"मी लोळत गाडी चालवू का?" मी विचारलं.

त्यानं खिडकीतून डोकं घातलं. "सर, दिसतंय की."

"आडवा होतो तेव्हा."

"न्हाई सर. आत्ता, बसल्या बसल्या. टाइम हाय, स्टेशन हाय, समदं हाय."

"मग मला का दिसत नाही?"

हे वाक्य तोंडातून गेलं मात्र, दोन सीटच्या मधून बायकोचा हात पुढे आला. तळवा उघडा.

"डोळं दाखवून घ्या, सर," दुकानदार हळूच म्हणाला.

परतताना दौंडचाच भाचा गाडी चालवत होता. बायको पुढे, मी मागे. आणि तिच्या पायानं एकदाही ब्रेक शोधला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. त्यानं मी जास्तच घाबरलो. डोळे चांगले, म्हणजे बिघाड आणखी वर, मेंदूत! किल्ली परत मागायची हिंमतच झाली नाही. गॉगल कपाटात गेला, मी एसटीत.

बऱ्याच वर्षांनी, एका उन्हाळ्यात, तोच गॉगल घालून स्टँडवर उभा होतो. वेळ बघायला मोबाइल काढला. उभा धरला, दिसला. आडवा केला, काळा ठिक्कर. गॉगल काढला, परत लख्ख.

घरी येऊन तपासलंच. गॉगलच्या काचा पोलरॉइडच्या होत्या. एका पोलरॉइडवर दुसरा आडवा धरला की प्रकाश अडतो, आणि असल्या आकड्यांच्या पट्टीवर एक पोलरॉइड असतोच. हा प्रयोग मी निवृत्त होईपर्यंत मुलांकडून करून घेतला. तोंडी परीक्षेत दरवर्षी विचारायचो, "रोजच्या जगण्यात हे कुठे अनुभवाला येतं?"

उत्तर आलं नाही, की सरळ नापास करायचो.