मेंढ्यांच्या वाटेवरचा रॅम्प

अन्याय झाला तो कन्नडच्या डोंगरातल्या एका मेंढपाळ काकांवर, आणि झाला आमच्या सायकल शर्यतींचा मोसम संपला त्याच्या दुसऱ्याच सकाळी. झेंडे, फिती, तंबू सगळं गोळा करून आम्ही शहरात परतलो. उतारावर उड्या मारायला काकांच्या मेंढ्यांच्या वाटेत रचलेला मातीदगडांचा रॅम्प मात्र तसाच ठेवला. पुढची मेंढी त्यावर चढून पलीकडं कोसळली, आणि मागच्या तिच्या मागं गेल्या. त्यात दोन मेंढ्यांचे पाय मोडले.

मोसमभर हे काका शर्यतीच्या दिवशी वळणावर काठी आडवी धरून कळप थोपवायचे. आमच्यातलं कुणी आपटलं की धावत येऊन विचारायचे, "हाडं शाबूत हायेत का, पैलवान?"

कळल्यावर मी गेलो. ते मेंढीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधत होते. मी माफी मागितली. मान वर न करता ते म्हणाले, "तुमची शर्यत संपली, बाळा. आमाला रोज ह्याच वाटंनं पाण्यावर जायचंय."

त्यांचं नाव आम्ही एकदाही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्या रॅम्पवरून तुम्ही उडी मारली असेल किंवा खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या असतील, तर येत्या रविवारी सायकल घरी ठेवा आणि फावडं घेऊन या.