खिडक्यांना लावलेली खळ

ह्यांना न्यूमोनिया झाला तो जानेवारी मी विसरणार नाही. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "गार वारा अजिबात लागू देऊ नका." आमचं बिर्लानगरचं घर जुनं, गिरणीच्या काळातलं. खिडक्यांची लाकडं इतकी आकसलेली की फटीतून बोट जावं. सकाळचं धुकं खुशाल आत यायचं.

मग काय, मी पदर खोचला. दर दिवाळीला गल्लीतल्या मराठी घरांचे आकाशकंदील मीच करते. खळ शिजवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पातेलंभर मैद्याची खळ केली, मोठ्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, वरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. वर्तमानपत्रं संपली तेव्हा कंदिलाचा उरलेला गुलाबी कागद लावला. दोन दिवसांत मुंगीलासुद्धा वाट ठेवली नाही.

शेजारीण भिंडकडची. बघायला आली आणि म्हणाली, "भाभी, एक पल्ला तो खुला छोड़ दो." खिडकीचं एक दार उघडं ठेवायला सांगते, मला राग आला. म्हटलं, आली मोठी शहाणी! डॉक्टरांपेक्षा हिला जास्त कळतं का?

तिसऱ्या दिवशी ऊन पडायचं नावच घेईना. मी कोळशाची शेगडी पेटवली आणि ह्यांच्या पलंगाशी ठेवली. "वा, काय ऊब आहे!" म्हणत ह्यांना झोप लागली. माझंही डोकं जड झालं. दोन दिवसांचा शीण असेल म्हणून खुर्चीतच डोळे मिटले.

जाग आली ती कागद टराटरा फाटण्याच्या आवाजाने. शेगडी अंगणात गेली होती आणि शेजारीण चिमट्याने माझ्या पट्ट्या ओरबाडत होती. आणि मी काय म्हणावं? "अगं, माझी खळ!" हसू नका, खरंच ओरडले. तिने लक्षसुद्धा दिलं नाही. ह्यांना चादरीसकट ओसरीवर ओढत नेलं, गालावर थापट्या मारल्या. हे डोळे उघडेनात. देवा, मीच ह्यांना कोंडून मारलं, एवढं एकच मनात. मग एकदाचे हे खोकले, ओकले आणि डोळे उघडले.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला होता, थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेला असतात.

दोन दिवसांनी हे घरी आले. मी शेजारणीच्या पायाच पडायला गेले, तिने पडू दिलं नाही. तिचे उपकार कसे फेडायचे, मला आजही कळत नाही. विचारलं, "तुला कळलं तरी कसं?"

"आवाज़ दी, तुम बोलीं नहीं. तो मैं पीछे के दरवाज़े से घुस गई." मग तिच्या थोरल्या जावेचं सांगितलं, "मेरी जेठानी ने भी बंद कमरे में सिगड़ी जलाई थी. वहाँ कोई नहीं घुसा था, भाभी."