आमच्याच फ्रीजरमधला विषाणू

आमच्या बाई म्हणजे डोक्याला ताप. एकवीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत, आणि एकवीस वर्षं कोणाच्या ना कोणाच्या मागे लागलेल्या. देशभरातून आमच्याकडे एचआयव्हीचे नमुने यायचे. नाव-गाव पुसलेलं, नुसते आकडे. हा विषाणू माणसागणिक थोडा थोडा बदलतो. कुठल्या भागात कुठलं घराणं, कोण कोणाचं चुलत, ही सगळी वंशावळ बाई मांडायच्या. स्वतःच्या भाचरांची नावं चुकायच्या, पण या भावकीत कधी नाही.

एकदा जवळच्याच दवाखान्यातून, इतर तपासण्यांतून उरलेल्या आणि पाहणीसाठी पाठवलेल्या रक्तातला एक नमुना कुठल्याच घराण्यात बसेना. बसला तो थेट आमच्या फ्रीजरमधल्या विषाणूशेजारी. तो आम्ही तुलनेसाठी परदेशातून मागवून वाढवलेला. देशात दुसरीकडे कुठे सापडलेला नव्हता. साहेब म्हणाले, एका नळीतलं दुसरीत सांडलं असेल, द्या फेकून. असं होतंच, म्हणून मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं.

बाई ऐकतील तर ना. तीनदा तपासायला लावलं, माझा नुसता पिट्ट्या पाडला. उत्तर तेच. मग नमुन्यातल्या आणि फ्रीजरमधल्या विषाणूच्या जनुकांची अक्षरं छापलेले दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. अकरा ठिकाणी फरक निघाला.

“सांडलेला असता तर हुबेहूब असता,” बाई म्हणाल्या. “फ्रीजरमध्ये तो बदलत नाही. हा कोणाच्या तरी अंगात दोनेक वर्षं राहिलाय. आपल्यापैकीच कोणाच्या तरी. आणि त्या माणसाला कदाचित पत्ताही नाही.”

फ्रीजरच्या खोलीशी संबंध चौघांचाच: साहेब, बाई, मी आणि काचसामान धुणारे काका. बाईंनी सगळ्यांना रक्त द्यायला तयार केलं, आधी स्वतःचं दिलं. पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागेना. कधी सुई टोचली होती का, कधी हातमोजा फाटला होता का, आठवून आठवून जीव मेटाकुटीला आला. बंद पाकिटं आली. माझ्या रक्तात काही निघालं नाही आणि मला आधी आनंदच झाला, लाज वाटते सांगायला.

तेवढ्यात काका आले. फोडलेलं पाकीट त्यांनी बाईंसमोर ठेवलं. बाईंनी वाचलं, त्यांना बसवलं, सांगितलं की औषधं आजच सुरू करू, चांगला गुण येतो, नोकरीला मी धक्का लागू देणार नाही. मग विचारलं, लागलं कधी? दोन वर्षांपूर्वी फुटकी नळी धुण्याच्या टोपलीत आली होती, काका म्हणाले, तिने बोट कापलं. बाईंचा पारा चढलाच. तेव्हाच का नाही सांगितलं, त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं तर बहुतेक टळलं असतं.

काका खाली बघत म्हणाले, “सांगायलाच आलो होतो, बाई. तुम्ही त्याच फुटक्या नळीवरून सगळ्यांना फैलावर घेत होता. म्हटलं, शांत झाल्या की सांगू.”