बिनपाटीचा तंदूर

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, उत्तर अफगाणिस्तानातल्या एका लहानशा शहरात कोणतीही बाई नान भाजून विकत नाही. पूर्वी विकत नव्हती, आज विकत नाही आणि पुढेही तिचा तसा काही विचार दिसत नाही. हा शोध हॅम्बर्गमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, हीटरवर पाय टेकून बसलेल्या एका पुणेरी गृहस्थाने लावला. त्या शहरात तो कधी गेला नव्हता. त्या देशातही नाही. तो गृहस्थ मी.

माझं काम सांगायला भारदस्त होतं. दोन हजार पंधरानंतरची ती वर्षं. आश्रय मागायला आलेला माणूस कचेरीत सांगायचा की माझ्या गावी असं असं झालं, म्हणून मी पळालो. आता असं त्या गावी होऊ शकतं का, तिथे पोलीस कसे, रस्ते कसे, रीतिरिवाज कसे, हे शोधून त्याचा अहवाल लिहिणं हा आमच्या छोट्या संस्थेचा उद्योग. मला हिंदी आणि बऱ्यापैकी उर्दू येते, एवढ्यावरून इस्तंबूलच्या पलीकडचं सगळं जग माझ्या शेजारच्या गल्लीत आहे असा आमच्या साहेबांचा समज झाला होता. मी तो दूर केला नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?" की मी आवाज खाली आणून म्हणायचो, "देशांची परिस्थिती बघतो." एकदा इंगोलश्टाटहून आलेल्या एका मोटार-इंजिनियरने आदराने विचारलं, "म्हणजे हवामान खातं?" मी त्याच्याशी पुढे बोललो नाही.

तर त्या शहराचा अहवाल लिहिताना मी तिथल्या एका शाळामास्तरांना फोन केला होता. सज्जन माणूस, पेशावरला काही वर्षं राहिलेला, उर्दू माझ्यापेक्षा शुद्ध. बायकांच्या कामधंद्याबद्दल विचारता विचारता मी म्हटलं, तुमच्याकडे एखादी बाई नानाची भट्टी चालवते का? ते म्हणाले, "नाही साहेब, नानवाई तर पुरुषच असतो." झालं. मी पान अकरावर लिहून टाकलं, 'विश्वसनीय स्थानिक सूत्रानुसार या शहरात स्त्रिया नान भाजण्याचा व्यवसाय करत नाहीत.' वाक्याला असा काही घाट होता की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

तीन-साडेतीन वर्षांनी एका वकीलबाईंचा फोन आला. त्यांची पक्षकार त्याच शहरातली, पन्नाशीची विधवा. तिचं म्हणणं, ती घरी तंदूर चालवत होती. गल्लीतल्या बायका मळलेली कणीक घेऊन यायच्या, ती भाजून द्यायची. रोज इतक्या बायका एका घरात जमतात हे काही लोकांना खुपलं. आधी धमक्या आल्या, मग एक दिवस दार पेटवलं. बाई पळाली. कचेरीने तिचा अर्ज फेटाळला होता, कारण असा तंदूर असूच शकत नाही. आणि तंदूरच नाही तर धमकी कसली, आग कसली? आता कोर्टात दोन आठवड्यांनी सुनावणी होती. तिथेही हरली, तर परतीचा रस्ता.

"तीन वेगवेगळे अहवाल तिच्या विरुद्ध आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही जाणकार आहात. जरा बघाल?"

मी खुर्चीत सरळ झालो. तीन अहवाल एकमुखाने सांगतात तेव्हा ते सहसा खोटं नसतं, असं काहीतरी वजनदार बोललो. मग अहवाल उघडले. पहिल्याच्या तळटीपेत आधार म्हणून दुसरा होता. दुसऱ्याच्या तळटीपेत तिसरा. आणि तिसऱ्याच्या तळटीपेत हॅम्बर्गमधल्या एका छोट्या संस्थेचा अहवाल, पान अकरा.

मी पाय हीटरवरून खाली घेतले. तीन साक्षीदार मिळून माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, म्हणून घरी आमचा पोळ्यांचा कारखाना चालू होता. माझी बायको दर शनिवारी आठ-दहा मराठी कुटुंबांना पोळ्या करून द्यायची. सॉफ्टवेअरवाली तरुण मंडळी रिकामे डबे घेऊन जिना चढायची आणि भरलेले घेऊन उतरायची. मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा होती.

"अहो, पण विचारलंत कोणाला?"

"मास्तरांना. अतिशय सज्जन."

"म्हणजे पुरुषाला."

"या," मी म्हटलं, म्हणजे जर्मनमधलं 'हो'.

"उगाच जर्मन नका बोलू. आणि काय विचारलंत?"

"बाईची भट्टी आहे का."

तिने लाटणं खाली ठेवलं. हे ती क्वचित करते. "आता खाली जा, आणि त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना विचारा, या इमारतीत पोळ्यांचं दुकान आहे का."

आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने मान वर न करता जर्मनमध्ये सुनावलं की बाबा, तुम्ही असलं काही विचारणार नाही आहात. मी गेलो. आजोबा टपालपेटीशी उभे होते. ते निवृत्त कारकून, इमारतीचे नियम तोंडपाठ.

"दुकान? या घरात?" ते दचकले. "नाही. शक्यच नाही. नियमात बसत नाही." मग जरा जवळ येऊन म्हणाले, "पण तुमच्याकडे मित्र फार येतात हं. शनिवारी. आणि सगळे रिकामा डबा घेऊन येतात. तुमच्या देशात भेटीला जायची अशीच पद्धत आहे का?"

मी वर आलो.

"काय म्हणाले?"

"विश्वसनीय स्थानिक सूत्रानुसार," मी म्हटलं, "तू अस्तित्वात नाहीस."

"बरं. मग बसा, अस्तित्वात नसलेल्या पोळ्या खाऊन घ्या. गरम आहेत."

लाज मला त्या पोळीबरोबर वाटली, आधी नाही. माझी आत्या पुण्यात तीस वर्षं चकलीची भाजणी विकत होती. ना पाटी, ना जाहिरात. गल्लीतल्या एकाही काकांना पत्ता नव्हता आणि प्रत्येकाच्या घरी दिवाळीत चकली तिच्याच भाजणीची. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी फोनवरून एका मास्तरांना दुकान विचारत होतो.

सोमवारी आमच्याकडे भाषांतर करणाऱ्या अफगाण बाईंना मास्तरांच्या घरी फोन लावायला सांगितला, पण त्यांच्या पत्नीशी बोलायला. आमच्या कामाचा एक कडक नियम आहे, अर्जदाराचा उल्लेख चुकूनही करायचा नाही. म्हणून प्रश्न एवढाच की घरी नान कुठून येतो. फोन जवळजवळ तासभर चालला. दोघी मधून मधून हसत होत्या, मी शेजारी वही घेऊन बसलो होतो, आणि त्या मलाच हसत आहेत असं मला उगीच वाटत होतं.

मास्तरीणबाईंचं म्हणणं असं की, बाजारचा नान पाहुण्यांसाठी. घरचा नान गल्लीच्या टोकाला, निळ्या दाराच्या घरी. तिथल्या बाईच्या हाताला चव होती. तिचं दार कोणीतरी जाळलं, ती गेली, आणि तेव्हापासून नानात राम नाही. मास्तरांना हे ठाऊक आहे का? "ते खातात," त्या म्हणाल्या. "कुठून येतो हे कशाला विचारतील?"

मी दुरुस्तीचा अहवाल लिहिला. साहेबांनी तो वाचला. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'तर मग', आणि अहवाल मिटून ठेवला. मग त्यांनी सुचवलं की एखादी लहानशी तळटीप पुरेल. वकीलबाईंना तळटीप नको होती. कागद फाइलीत हरवतो, तुम्ही स्वतः या, म्हणाल्या. मी टाय लावून गेलो. टायने माणूस कमी मूर्ख दिसतो अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

बाई पुढच्या बाकावर बसली होती, शेजारी दुभाष्या. हात मांडीवर, मनगटावर भाजल्याचे जुने पांढरे डाग, तंदुराच्या कडेला लागतात तसे. त्या डागांबद्दल तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी माझं पान अकरा वाचलं होतं.

"तीन स्रोत याच्या उलट सांगतात," न्यायाधीश चष्म्यावरून म्हणाले.

"ते तीन नाहीत," मी म्हटलं. "तिन्ही मीच आहे."

मग मी सगळं सांगितलं. तळटीपांची फेरी, मास्तर, मास्तरीणबाई, निळं दार, आणि टपालपेटीजवळचे आजोबासुद्धा, कारण एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही. मी घरातल्या भाकरीबद्दल पुरुषाला विचारलं, हीच चूक, असं म्हणून मी हात जरा जास्तच पसरले.

निकाल काही आठवड्यांनी टपालाने आला. तिला राहू दिलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला त्या सकाळवरच थांबायचं आहे.

दुभाष्या माझं बोलणं तिला हळू आवाजात सांगत होता. ऐकता ऐकता ती माझ्याकडे वळली. माझ्या एका घाटदार वाक्यापायी या बाईने दीड वर्ष खोटारडी म्हणून काढलं होतं. तिने माझ्यावर चप्पल फेकली असती तरी मी ती उचलून परत दिली असती. तिने मला टायपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि कोणी काही विचारलेलं नसताना मोठ्याने एक वाक्य बोलली. दुभाष्या घुटमळला. हे कोणत्याच प्रश्नाचं उत्तर नाही, सांगू का, असं त्याने विचारलं.

"सगळं सांगायचं," न्यायाधीश म्हणाले.

दुभाष्याने घसा साफ केला.

"बाई विचारतात, या माणसाला घरी कोणी जेवायला घालतं तरी का?"